सहारातल्या तासिली नाज्जेरला जाताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारीत आम्ही सहाजण अल्जीरियाच्या दक्षिणेला, सहारा वाळवंटातल्या तासिली नाज्जेर या संरक्षित पठारावर बारा दिवस फिरून आलो. परतल्यापासून फोनवर, लग्नाकार्यात, ट्रेकच्या बसमध्ये तेच तेच प्रश्न विचारले जातात. सांगायची मला हौस आहेच, पण दर वेळी काहीतरी महत्त्वाचं सांगायचं राहून जातं. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतेय.

तासिली नाज्जेर म्हणजे नक्की काय आहे?

अल्जीरियाच्या आग्नेय कोपऱ्यात, लिबिया आणि नायजरच्या सीमांपर्यंत पसरलेलं वालुकाश्माचं अफाट पठार. तुआरेग या सहारातल्या भटक्या लोकांच्या भाषेत 'तासिली' म्हणजे पठार, आणि 'आज्जेर' हे नाव तिथल्या तुआरेग समूहाचं; ते स्वतःला केल आज्जेर म्हणवतात. १९७२ मध्ये अल्जीरियाने इथे राष्ट्रीय उद्यान केलं, १९८२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत त्याचं नाव आलं आणि १९८६ मध्ये ते जीवावरण राखीव क्षेत्रही झालं. वारसा म्हणून नोंदलेली जागा ७२,००० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे महाराष्ट्राचा जवळजवळ चौथा हिस्सा. निसर्ग आणि संस्कृती या दोन्ही कारणांसाठी यादीत असलेल्या जगातल्या मोजक्या जागांपैकी ही एक. मुक्कामाचं गाव जानेत. खजुरीच्या बागांचं, मातीच्या रंगाच्या घरांचं ते एक ओअॅसिस आहे.

सहारा म्हणजे वाळूच ना? तिथे डोंगर कुठून आले?

मलाही आधी तसंच वाटायचं. पण सहाराचा बराच मोठा भाग दगडगोट्यांचा आणि खडकाळ पठारांचा आहे. वाळूच्या टेकड्या त्यामानाने कमी जागेवर आहेत. तासिलीचं सर्वोच्च टोक, आद्रार अफाओ, २,१५८ मीटर उंच आहे, कळसूबाईपेक्षा पाचशे मीटरने जास्त.

खडकाची गोष्ट तर ऐकून थक्क व्हायला होतं. सुमारे ४४ कोटी वर्षांपूर्वी हा भूभाग दक्षिण ध्रुवाजवळ होता आणि त्याच्यावर बर्फाची जाड चादर होती. सरकत्या हिमनद्यांनी खडकावर काढलेले ओरखडे तासिलीत आजही दिसतात. आज जगातलं सर्वांत मोठं उष्ण वाळवंट जिथे आहे, तिथल्या दगडावर बर्फाच्या खुणा! पुढे नद्यांनी या पठाराला भेगा पाडल्या आणि वाऱ्याने वाळू घासून घासून त्या भेगा रुंद केल्या. त्यातून जे सुळके, खांब आणि गल्ल्या तयार झाल्या त्यांना 'दगडांचं जंगल' म्हणतात. पठारावरच्या सेफार या जागी त्या गल्ल्यांतून चालताना आपण एखाद्या ओस पडलेल्या शहरातून चाललोय असं सारखं वाटत राहतं.

ज्या चित्रांचं एवढं कौतुक होतं, ती कोणती?

पठारावर १५,००० पेक्षा जास्त चित्रं आणि कोरीव आकृत्या नोंदल्या गेल्या आहेत. बहुतेक चित्रं खडकाच्या पुढे आलेल्या छपराखाली, सावलीत आहेत. गेरू, पांढरी माती, काळा असे मोजकेच रंग.

ही चित्रं एका काळातली नाहीत, आणि तीच त्यांची खरी गंमत आहे. सर्वांत जुन्या आकृत्यांत रानरेडे, हत्ती, गेंडे असे मोठे रानटी प्राणी आहेत. मग 'गोल डोक्याची' माणसं येतात. चेहऱ्यावर नाक-डोळे नाहीत, जणू हवेत तरंगताहेत. सेफारची सुमारे तीन मीटर उंचीची 'महादेवता' याच शैलीतली आहे. त्यानंतर गुराख्यांचा काळ. गाईंचे कळप, झोपड्यांसमोर बसलेल्या बायका, धनुष्य ताणलेले शिकारी. पुढे घोडे आणि रथ आले, आणि अगदी शेवटी उंट. कोणतं चित्र नक्की किती जुनं, यावर अभ्यासकांत अजून वाद आहेत. पण क्रम साधारण हाच. म्हणजे एकेका भिंतीवर सहारा हिरवा होता तेव्हापासून तो कोरडा पडेपर्यंतची हकिकत उतरली आहे. सुमारे ११,००० ते ५,००० वर्षांपूर्वीच्या काळात इथे तळी होती, गवत होतं. पृथ्वीच्या आसाचा झोक आणि कक्षा हळूहळू बदलत गेल्या, तसा मोसमी पाऊस दक्षिणेकडे सरकला आणि हिरवळ गेली.

मला सर्वांत आवडलेलं चित्र कुठल्याही माहितीपत्रकात नव्हतं. एका ओणव्या खडकाखाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर एक वासरू होतं, माझ्या तळहाताएवढं. मान मागे वळवून आईकडे बघणारं. पोटाची रेघ चित्रकाराने एकाच फटकाऱ्यात ओढली होती, आणि शेपटीशी रंग संपत आल्यामुळे ती रेघ फिकट झाली होती. ते बघायला पोटावर झोपावं लागलं. ज्याने काढलं, त्यालाही तसंच झोपावं लागलं असणार.

ही चित्रं शोधली कोणी?

स्थानिक तुआरेग लोकांना ती ठाऊकच होती, त्यामुळे 'शोधली' हा शब्द मला खटकतो. १९३०च्या दशकात ब्रेनां नावाच्या एका फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याने गस्तीवर असताना त्यांची रेखाटनं केली, आणि १९५६ मध्ये आंरी लोत या फ्रेंच संशोधकाच्या मोहिमेने शेकडो चित्रांच्या नकला उतरवून त्या पॅरिसला नेल्या. तिथून तासिली जगाला माहीत झाली. मात्र रंग उठून दिसावेत म्हणून त्या मोहिमेत चित्रं पाण्याने पुसली गेली आणि त्यातून मोठं नुकसान झालं. त्या नकलांत काही बनावट चित्रंही घुसली होती, हे पुढे उघड झालं. पठारावरच्याच जब्बारेन इथल्या एका प्रचंड आकृतीला लोत यांनी 'मंगळावरचा देव' म्हटलं, तेव्हापासून परग्रहवासीयांच्या कहाण्या सुटल्या. त्यांच्यावर वेळ घालवू नका. हजारो वर्षांपूर्वी एका माणसाने सहा मीटर उंच आकृती काढायचं मनात आणलं आणि ती काढली, एवढं पुरेसं थक्क करणारं आहे.

'रडणारी गाय' बघायला डोंगर चढावा लागतो का?

नाही. ती जानेतच्या दक्षिणेला, तेघारघार्त इथे सपाटीवरच आहे. एकट्या उभ्या असलेल्या खडकाच्या पायथ्याशी पाणी प्यायला आलेल्या गाई कोरल्या आहेत आणि त्यांच्या डोळ्यांतून थेंब ओघळताना दिसतात. पाणी आटलं म्हणून गाई रडल्या, अशी गोष्ट तिथे सांगतात. कोरणाऱ्याच्या मनात काय होतं हे कोण सांगणार! पण ऊन तिरपं असताना जा. डोक्यावर सूर्य आला की खोदकाम सपाट वाटतं. तिरप्या उन्हात शिंगांच्या कडा आणि ते थेंब सावली धरतात.

भारतीयांना व्हिसा मिळतो का?

मिळतो. दोन वाटा आहेत. एक म्हणजे दिल्लीतल्या अल्जीरियाच्या दूतावासात रीतसर अर्ज. दुसरी म्हणजे २०२३ पासून सहारात येणाऱ्या पर्यटकांसाठी सुरू झालेली सोय : तिथली मान्यताप्राप्त पर्यटन संस्था तुमच्या वतीने आधी परवानगी काढते, ते पत्र दाखवून तुम्ही विमानात बसता आणि उतरल्यावर व्हिसा मिळतो. पत्र हातात येईपर्यंत तिकीट काढू नका. शिवाय ते पत्र छापील स्वरूपात जवळ ठेवा, कारण आपल्याकडच्या विमानतळावरच्या काउंटरवर ही पद्धत सगळ्यांना माहीत असतेच असं नाही. आम्हाला चेक-इनला पाऊण तास थांबवून ठेवलं होतं.

गाडी भाड्याने घेऊन स्वतःच फिरलो तर?

चालत नाही. संरक्षित क्षेत्रात परदेशी पाहुण्याला मान्यताप्राप्त संस्था आणि स्थानिक वाटाड्या बरोबर असावाच लागतो. आणि नियम नसता तरी मी हेच सांगितलं असतं. पठारावर पाट्या नाहीत, मळलेल्या वाटा नाहीत, आणि दगडांच्या त्या गल्ल्या दहा मिनिटांत दिशा विसरायला लावतात. आमचा वाटाड्या साठीचा होता. नकाशा त्याने एकदाही काढला नाही. कुठल्या खड्ड्यात गेल्या पावसाचं पाणी अजून असेल, हे तो आदल्या रात्रीच सांगायचा आणि ते तिथे असायचं.

सुरक्षित आहे का? घरचे घाबरतात.

घरच्यांची भीती उगाच नाही, त्यामुळे उत्तर स्पष्टच देते. २००३ मध्ये अल्जीरियाच्या सहारातून ३२ युरोपीय पर्यटकांचं अपहरण झालं होतं. जानेवारी २०१३ मध्ये इलिझी प्रांतातल्या इन अमेनास वायू प्रकल्पावर दहशतवादी हल्ला झाला. त्यानंतर बंदोबस्त खूप वाढला आणि पर्यटकही परतले. तरी ऑक्टोबर २०२४ मध्ये जानेत गावातच एका स्विस महिलेची हत्या झाली, आणि जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण अल्जीरियात एका स्पॅनिश पर्यटकाचं अपहरण होऊन नंतर सुटका झाली. अनेक देश आपल्या नागरिकांना लिबिया, नायजर आणि माली यांच्या सीमांजवळ जाऊ नका असं सांगतात.

हे सगळं घरी मोकळेपणाने सांगून, चर्चा करून मग ठरवा. निघण्याच्या आठवड्यात परिस्थिती पुन्हा तपासा. लष्कराने एखादी वाट बंद केली असेल तर वाटाड्याकडे हट्ट धरू नका. आम्हाला तादरार्त या लाल वाळूच्या प्रदेशातल्या एका भागात जाऊ दिलं नाही. वाईट वाटलं, पण कोणी हुज्जत घातली नाही.

मुंबई-पुण्याहून पोहोचायचं कसं?

मुंबईहून दुबई, दोहा किंवा इस्तंबूलमार्गे अल्जियर्स. तिथून देशांतर्गत विमानाने जानेत, अडीच-तीन तास. रस्त्याने हेच अंतर दोन हजार किलोमीटरच्या वर भरतं. जानेतची विमानं बऱ्याचदा रात्री-अपरात्री पोहोचतात आणि वेळाही बदलतात, म्हणून परतीच्या वाटेवर अल्जियर्समध्ये एक पूर्ण दिवस हातचा ठेवा. तो दिवस वाया जात नाही. कसबा, म्हणजे तिथलं जुनं शहर, बघून होते. तीही जागतिक वारसा यादीत आहे.

कोणत्या महिन्यात जावं?

ऑक्टोबर अखेर ते मार्च. एप्रिलमध्ये ऊन आणि वारा दोन्ही वाढतात. मे ते सप्टेंबर विचारही करू नका. पारा चाळिशीच्या पार जातो. डिसेंबर-जानेवारीत दिवस छान असतो, पण पठारावर रात्री तापमान शून्याच्या आसपास आणि कधी त्याच्याही खाली येतं. फेब्रुवारीतही आमच्या बाटलीतल्या पाण्यावर एका सकाळी बर्फाचा पापुद्रा धरला होता. शक्य असेल तर अमावास्येच्या सुमाराची तारीख धरा. तिथे तारे क्षितिजापासूनच सुरू होतात.

किती दिवस हवेत? कोणता मार्ग घ्यावा?

जानेतमध्ये किमान आठ दिवस. त्याहून कमी असतील तर पुढच्या वर्षी जा, असं मी मनापासून सांगेन.

ढोबळ दोन भाग आहेत. एक पठाराचा, पूर्णपणे पायी : जानेतजवळून ताफिलालेतच्या घाटाने वर चढून ताम्रित, मग सेफार, तिन ताझारिफ्त, आणि वेळ असेल तर जब्बारेन. यासाठी पाच-सहा दिवस लागतात. सामान गाढवांवर. घाटात उंटाचा पाय ठरत नाही, म्हणून इथे सगळी भिस्त गाढवांवरच. दुसरा भाग तादरार्त रूजचा, जीपने : लाल वाळू, काळे-तांबूस कडे, मूल नागाच्या कमानी, तिन मेर्झूगाच्या उंच वाळूटेकड्या. फोटोंत तुम्ही जे पाहिलं असेल ते बहुधा इथलंच. तीन-चार दिवसांत होतं.

बहुतेक संस्था तादरार्तचीच सहल सुचवतात, कारण ती आरामाची आहे. ती सुंदर आहे, शंकाच नाही. पण दोन्हींतलं एकच जमणार असेल आणि गुडघे साथ देत असतील, तर पठार निवडा. चित्रांची खरी श्रीमंती वर आहे. आणि वर पायीच जावं लागत असल्यामुळे चित्रापर्यंत पोहोचेस्तोवर तुमची चाल मंदावलेली असते, डोळे सरावलेले असतात. जीपमधून उतरून दोन मिनिटांत फोटो काढला की ते वासरू दिसत नाही.

जानेतहून एका दिवसात जमणारी एसेंदिलेनची घळ मात्र चुकवू नका. कण्हेरीच्या झुडपांतून चालत जाता जाता कडे इतके जवळ येतात की आकाशाची चिंधीच उरते, आणि टोकाला हिरव्यागार पाण्याचा डोह लागतो. अशा डोहाला तिथे गेल्ता म्हणतात.

सह्याद्रीत ट्रेक करणाऱ्याला चढ जमेल का?

सहज. ताफिलालेतचा घाट तीन टप्प्यांचा आहे, एकूण चढ सहाशे-सातशे मीटर. राजगडाला चढून जाणाऱ्याला काही वाटणार नाही. फरक इतकाच की झाडाची सावली नाही आणि वाटेत ताक-लिंबूसरबतवाली मावशी नाही. पायाखाली मोकळे धोंडे असतात, त्यामुळे घोट्याला आधार देणारे आणि आधी महिनाभर वापरलेले बूट घाला. वर पोहोचल्यावर रोज चार ते सहा तासांची चाल, बहुतेक सपाटीवर.

आई-बाबांना किंवा मुलांना नेता येईल का?

जीपच्या भागात हो. पठारावर बारा वर्षांखालच्या मुलांना मी नेणार नाही. हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असलेल्यांनीही जाऊ नये, कारण वरून आजारी माणसाला खाली आणायला गाढव आणि माणसांचे हात एवढंच साधन आहे. जानेतमध्ये दवाखाना आहे, पण मोठा इलाज अल्जियर्सलाच. तातडीने हलवण्याचा खर्च देणारा प्रवास विमा नक्की काढा.

शाकाहारी माणसाचे हाल होतात का?

होत नाहीत, फक्त आधीच बजावून ठेवा. फ्रेंचमध्ये 'सां व्यांद' म्हणजे बिनमांसाचं. सूपमध्ये मांसाचं पाणी नको, हेही वेगळं सांगा. नुसते तुकडे बाजूला काढून वाढणं हे त्यांच्या दृष्टीने शाकाहारीच असतं. कुसकुस, मसूर, गाजर, बटाटा, खजूर, संत्री असं मिळत राहतं.

आणि तागेला! ही तुआरेग लोकांची रोजची भाकरी. रव्याची घट्ट कणीक मळतात. जाळ विझत आला की निखारे बाजूला सारून तापलेल्या वाळूत खळगा करतात, त्यात जाड भाकरी ठेवून वरून वाळू आणि निखारे ओढतात. अर्ध्या वेळाने उलटतात. बाहेर काढली की हाताने थापट्या मारून वाळू झाडतात, पाण्याने झटकन धुतात आणि कुस्करून भाज्यांच्या रश्श्यात घालतात. विदर्भातले गोवऱ्यांच्या आरावरचे रोडगे ज्याने खाल्लेत त्याला घरची आठवण येईल. दाताखाली कण येईल असं वाटलं होतं, एकही आला नाही.

बरोबर मेतकूट, लसणाची चटणी, डिंकाचे किंवा दाण्याचे लाडू न्या. आमच्या स्वयंपाक्याला मेतकूट इतकं आवडलं की पुडीच ठेवून आलो.

चहाचं काय?

चहा म्हणजे तिथला कार्यक्रमच असतो. निळ्या छोट्या किटलीत हिरवी पत्ती उकळून, उंचावरून ओतून फेस आणतात. तीन फेऱ्या होतात; पहिला पेला कडक, दुसरा मध्यम, तिसरा गोड. तिसऱ्याआधी उठू नका. वाटाड्याच्या सगळ्या गोष्टी मला दुसऱ्या आणि तिसऱ्या पेल्याच्या मधल्या वेळात ऐकायला मिळाल्या.

पिण्याचं पाणी?

माणशी दिवसाला किमान चार लिटर धरा. पठारावर काही पाणी गाढवांवरून जातं, काही गेल्तांतून भरतात. शुद्धीकरणाच्या गोळ्या किंवा फिल्टर लागतोच. गेल्तात उतरून अंघोळ करायची नाही, साबण तर नाहीच. ते पाणी रानमेंढ्यांचं आणि पक्ष्यांचंही आहे, आणि पुढचा पाऊस कधी येईल कोणालाच सांगता येत नाही.

शौचाची, अंघोळीची सोय? बायकांना अडचण होते का?

मुक्कामावर संडास नाही. खडक इतके आहेत की आडोसा शोधावा लागत नाही. खड्डा करून बुजवायचं, कागद पिशवीत घालून परत आणायचा किंवा जाळायचा. सॅनिटरी पॅड वाळूत पुरू नका. तिथे काही कुजत नाही, वारा आला की वर येतं. झिपची जाड पिशवी न्या. अंघोळ ओल्या पुसण्यांवर भागवायची. पाळी येईल म्हणून घाबरण्याचं कारण नाही. आमच्यात दोघींची आली, गैरसोय झाली, पण निभावलं.

कपडे सैल, हात-पाय झाकणारे. डोक्याला पाच-सहा मीटरचं सुती कापड, ज्याला तिथे शेश म्हणतात, जानेतच्या बाजारातच घ्या आणि गुंडाळायला तिथेच शिकून घ्या. तुआरेग समाजात तोंड झाकतात ते पुरुष. बायकांचा चेहरा उघडा असतो. आमच्याशी सगळेच अदबीने वागले.

ड्रोन, कॅमेरा, दुर्बीण नेता येते का?

कॅमेरा चालतो. ड्रोनला बंदी आहे, नेलात तर जप्त होईल. सॅटेलाइट फोनला आधी परवानगी लागते. दुर्बिणीवरही आक्षेप घेतात. आमच्यातल्या पक्षीवेड्या मित्राची वाटेतल्या एका विमानतळावर ठेवून घेतली, परतताना पावती दाखवून मिळाली. पोलीस, लष्कर, विमानतळ, तपासणी नाकी यांचे फोटो अजिबात नाहीत. माणसांचे फोटो विचारूनच.

चित्रांना हात लावला तर एवढं काय बिघडतं?

हा प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारला गेला, आणि दर वेळी पोटात कालवतं. वालुकाश्म हा दाबून बसलेल्या वाळूचा दगड. त्यावर रंगाचा थर नखाएवढाही जाड नाही. बोट टेकवलं की घाम आणि तेल तिथे राहतं, पाणी मारलं की रंग क्षणभर उजळतो आणि पाणी सुकताना दगडातले क्षार वर आणून पापुद्रे सोडवतं. सेफारला एका गाईच्या पाठीवर मी पांढुरका, नकाशासारखा डाग पाहिला. वाटाड्याने बोट न लावता, हवेतच त्या डागाची कड फिरवून दाखवली आणि म्हणाला, हे पाणी. कोणीतरी चांगला फोटो यावा म्हणून बाटली ओतली होती. हजारो वर्षं टिकलेली गाय एका बाटलीभर पाण्याने गेली.

तेव्हा हात नाही, पाणी नाही, खडू नाही, फ्लॅश नाही. भिंतीला पाठ टेकून बसायचंही नाही, कारण मागे काय असेल सांगता येत नाही. पायाखालीही लक्ष असू द्या. खापरं, दगडी पाती, धान्य दळायच्या पाट्या पठारावर अशाच पडलेल्या असतात. पाटा-वरवंट्यासारखी जोडी मी स्वतः पाहिली, मधोमध घासून खोलगट झालेली. उचलून बघायचा मोह होतो. उचलू नका. वस्तू जिथे पडली आहे ती जागाच अभ्यासकाला माहिती देते, आणि तिथून काहीही बाहेर नेणं गुन्हा आहे. खड्यांनी, वाळूने खिसे भरून आणणंही नको.

प्राणी-झाडं दिसतात का?

प्राण्यांचे माग जास्त दिसतात, प्राणी कमी. डोर्कस हरिण, रानमेंढा, कोल्हा. आम्हाला एका कड्यावर रानमेंढ्यांची जोडी दिसली, तेवढीच. सोबतीला सतत असतो तो मुला-मुला पक्षी, काळा, डोक्यावर पांढरी टोपी. तो तंबूपाशी आला की शुभ मानतात. एके काळी इहेरिरच्या दरीत मगरीसुद्धा होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात शेवटची गेली. तिथले डोह मात्र अजून आहेत, त्यांत मासेही आहेत, आणि २००१ पासून ती दरी रामसर पाणथळ म्हणून नोंदलेली आहे.

पण मी तुम्हाला तारूत बघायला सांगेन. हे सहाराचं सरू. जगात मूळ रानटी अवस्थेत ते फक्त या पठारावर उरलंय, सव्वादोनशेच्या आसपास झाडं, आणि त्यांतली काही दोन हजार वर्षांहून जुनी. खोडं पिळलेली, साल धुतलेल्या दोरखंडासारखी. ताम्रितला त्यांची दरी आहे. २००१ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञांनी दाखवलं की या झाडाच्या बीमधला गर्भ केवळ परागातून, म्हणजे बापाकडूनच तयार होतो. आईचं झाड फक्त त्याला वाढवतं, अगदी दुसऱ्या जातीचं सरू असलं तरी. इतकं एकाकी पडलेलं झाड तग धरायला काय काय वाटा काढतं! कोवळी रोपं जवळजवळ दिसत नाहीत. पाऊस नाही आणि जे उगवतं ते शेळ्या-गाढवं खातात. त्याची वाळकी फांदीसुद्धा शेकोटीला वापरायची नाही. संस्थेला गॅसवर स्वयंपाक करायला आधीच सांगा.

साप-विंचू?

आहेत. थंडीत फारसे बाहेर येत नाहीत. सकाळी बूट झटकून घालायचे, दगडाखाली हात घालायचा नाही, रात्री बॅटरीशिवाय चालायचं नाही.

पैसे कसे न्यायचे?

रोख युरो. अल्जीरियन दिनार बाहेर मिळत नाही आणि परत येताना उरलेले कुठे चालत नाहीत, म्हणून थोडेथोडे बदला. आपली कार्डं जानेतमध्ये चालतील या भरवशावर राहू नका. सहलीचे पैसे ठरवताना वाटाड्या, स्वयंपाकी, गाढववाले आणि गाढवं, पाणी, उद्यानाची फी हे सगळं धरलंय का, ते लिहून घ्या.

फोन लागतो का?

गावात लागतो. पठारावर आणि तादरार्तमध्ये नाही. घरी तसं सांगून ठेवा, म्हणजे पाच दिवस कोणी काळजीत राहणार नाही.

इंग्रजी चालते का?

फार कमी. अरबी आणि फ्रेंच सगळीकडे, आपापसांत तुआरेग भाषा. तिची तिफिनाग नावाची स्वतःची लिपी आहे, गोल, ठिपके आणि रेघांची. खडकांवरही ती कोरलेली दिसते. 'तानेमिर्त' म्हणजे धन्यवाद. एवढं आलं तरी माणसं खुलतात.

सेबीबाचा उत्सव बघायचा असेल तर?

मुहर्रमच्या पहिल्या दहा दिवसांत जानेतमधल्या दोन वस्त्यांमध्ये ही चुरस रंगते. शेवटच्या दिवशी, आशुराला, पुरुष तलवारी घेऊन नाचतात आणि बायका ढोल वाजवत गातात. २०१४ मध्ये युनेस्कोने याला अमूर्त वारसा मानलं. अडचण एकच. हिजरी वर्ष दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतं आणि सध्या आशुरा ऐन उन्हाळ्यात येते. त्या उन्हात पठारावर जाता येणार नाही. फक्त उत्सवासाठी जायची तयारी असेल तरच.

वाटाड्याला आणि गाढववाल्यांना काय द्यावं?

शेवटच्या दिवशी गटाने मिळून रोख बक्षिशी, सगळ्यांसमोर आणि गाढववाल्यांना न विसरता. सर्वांत आधी उठून सर्वांत शेवटी जेवतात ते तेच. शिवाय चांगली हेडलॅम्प, उबदार जाकीट, चष्मा अशा वस्तू त्यांना खरोखर उपयोगी पडतात. आमच्या वाटाड्याला बारीक अक्षर दिसत नव्हतं, म्हणून एकाने आपला वाचायचा चष्मा दिला. त्याने तो डोळ्याला लावला, खिशातून मुलाचं पत्र काढलं आणि तिथेच दगडावर बसून वाचायला लागला.